शून्याची नोंद

दुपारी दोन ते तीन या तासात अमेरिकेतील हॉक माउंटन या डोंगराच्या कड्यावरून एकही शिकारी पक्षी गेला नाही, तरीही स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांची गणना करणाऱ्या बाईंनी त्या तासासमोर ठळक शून्य लिहिले.

रकाना रिकामा ठेवला तर चालणार नाही का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "रिकामा रकाना म्हणजे कोणी पाहत नव्हते. शून्य म्हणजे आम्ही पाहत होतो."

न्यू जर्सीला घरी परतेपर्यंत हे वाक्य मनात घोळत राहिले. सकाळी ब्रॉड-विंग्ड हॉक या शिकारी पक्ष्यांचा थवा गरम हवेवर घिरट्या घालत वर चढत होता, तेव्हा बाईंनी मोजणी सुरूच केली नव्हती. पक्षी घिरट्यांतून सुटून एकामागोमाग दक्षिणेकडे तरंगू लागले, तेव्हाच त्यांच्या हातातील काउंटर टिकटिकू लागला, कारण घिरट्यांत एकच पक्षी दोनदा मोजला जाण्याची भीती असते.

पेनसिल्व्हेनियातील याच डोंगरावर पूर्वी लोक हौसेखातर शेकडो शिकारी पक्षी गोळ्या घालून पाडत. १९३४ साली पक्षीसंरक्षक रोझली एज यांनी ते थांबवले, आणि त्याच वर्षी गणनाही सुरू झाली. पुढे डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात बाल्ड ईगल या गरुडाच्या तरुण पक्ष्यांचे प्रमाण घटल्याचे इथल्या नोंदींतून दिसले, कारण प्रौढ आणि तरुण पक्षी कोणीतरी वेगवेगळे लिहून ठेवत होते.

लहानपणी आमच्या गावाच्या वेशीबाहेर बसणारी गिधाडे नेमकी कोणत्या वर्षी दिसेनाशी झाली, हे मला सांगता येत नाही. तुमच्या गावात कोणी ते लिहून ठेवले आहे का?