दोरा

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येईना. कारण सांगितलं तर कुणीही हसेल, आणि भानगड हसण्याचीच आहे.

संध्याकाळी पोरानं यूट्यूबवर जुना पौराणिक सिनेमा लावला. लक्ष्मण बेशुद्ध, हनुमंत द्रोणागिरीकडं निघालेले, खाली कापसाचे ढग. उडता उडता पाठीवरचा दोरा लख्ख दिसला. पोरगं ओरडलं, "पप्पा, वायर!" मी हसलो. चांगला खदखदून हसलो. मागं माय वाती वळत बसली होती. बोलली काहीच नाही. वातींचं ताट उचललं आणि आत गेली. मी टीव्ही बंद केला.

हीच माय माळेगावच्या जत्रेत, तंबू टॉकीजमध्ये 'जय संतोषी माँ'ला चपला बाहेर काढून बसली होती. एकच मशीन, रीळ बदलेपर्यंत मिट्ट अंधार. तेवढा वेळ तिनं माझं मनगट घट्ट धरलेलं. अण्णा कनातीपलीकडं, गड्यांत. त्या वर्षी ते... जाऊ द्या.

आपण हसलो कशाला? दोऱ्याला हसलो, मायला नाही, असं मघापासून चारदा स्वतःला सांगून झालं. सिनेमातल्या ट्रिकसीनवाल्या बाबूभाई मिस्त्रींनी १९३७च्या 'ख्वाब की दुनिया' सिनेमात काळ्या पडद्यापुढं काळ्या दोऱ्यानं वस्तू हलवल्या आणि लोकांनी त्यांचं नावच 'काला धागा' पाडलं. दोरा दिसू नये म्हणून माणसानं डोकं खपवायचं, आणि आम्ही त्रेचाळीस इंची टीव्ही हप्त्यानं घेऊन तोच शोधायचा. तंबूतल्या सुरकुतलेल्या कापडावर कुणाच्या बापाला दिसला असता?

पण टीव्ही नाही हसला, मी हसलो. पोरापुढं शहाणं ठरायचं होतं, दुसरं काय. मायसारखे हात जोडता येत नाहीत, पोरासारखं मोकळं हसूही येत नाही. आपलं कुणाला काय पडलंय म्हणा.

एवढं लिहून पाणी प्यायला उठलो, तर माय जागीच.

"कामून बंद केलास रे मघाशी?"

"तू उठून गेलीस म्हणून."

"कापूस संपला व्हता. लक्ष्मण तसाच पडलाय की तिथं."

खरंच कापूस संपला होता की मला सोडवत होती, तिच्या तोंडावरून काही कळेना. आता आवाज बारीक करून राहिलेला लावतो म्हटलं. रिमोट पोराच्या उशाखाली आहे, आणि उशीवर पोरगं.