वणव्यानंतर उभी राहिलेली खोडे

वणवा लागून गेलेल्या जंगलात शिरले की नजर आपोआप राखेतून वर आलेल्या हिरव्या कोंबांवर जाते; मला मात्र या पदभ्रमंतीत खिळवून ठेवले ते जळून काळी पडलेल्या, तरीही उभ्या असलेल्या खोडांनी.

गेल्या वर्षी पेटलेल्या पाइनच्या या जंगलात आगीने सगळे सारखे जाळलेले नाही. एक उतार पार बोडका झाला आहे, तर ओढ्याकाठची झाडे बुंध्याशी काळवंडूनही शेंड्याला हिरवी आहेत. एका मेलेल्या खोडापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. सालीचे पापुद्रे सुटले होते, त्यांखाली अळ्यांनी कोरलेल्या नागमोडी वाटा उघड्या पडल्या होत्या आणि बुंध्याशी पिठासारखा भुसा साचला होता. मेलानोफिला जातीच्या भुंगेऱ्यांना तर आगीतून निघणारी अवरक्त किरणे दुरून जाणवतात. ते जळक्या लाकडात अंडी घालतात, अळ्यांच्या मागावर सुतारपक्षी येतात आणि त्यांनी कोरून सोडलेल्या ढोल्यांत पुढे इतर पक्षी संसार थाटतात.

लॉजपोल पाइनचे तर मेलेले झाडही बी देते. त्याचे बरेचसे शंकू राळेने घट्ट बंद असतात. आगीच्या धगीने राळ वितळते, शंकू उघडतात आणि बी राखेवर पडते. १९८८ मध्ये अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग वणव्याच्या तडाख्यात सापडला, आणि तिथले पाइनचे जंगल मुख्यतः असेच आपले आपण पुन्हा उगवले. म्हणूनच ‘जळकी झाडे काढून जंगल साफ करा’ हा आग्रह मला पटत नाही. पायवाटेवर कोसळू शकतील तेवढीच तोडावीत.

अर्थात हीच खोडे चालणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतात. मुळे जळालेली असल्यामुळे ती वारा नसतानाही उन्मळून पडतात, तेव्हा त्यांच्याखाली तंबू ठोकू नये, शिदोरीही सोडू नये आणि वारा सुटला तर सरळ माघारी फिरावे. आडवाटेने जाणे त्याहून वाईट, कारण जळून गेलेल्या मुळांच्या जागी राखेने झाकलेले पोकळ खड्डे असतात आणि नुकतेच रुजलेले कोंब पायाखाली चिरडतात. तीव्र आगीनंतर मातीत पाणी न मुरू देणारा थर तयार होऊ शकतो. त्यामुळे आभाळ भरून आले की घळी आणि ओढ्याचे पात्र आधी सोडावे.