न हलणारा ओळंबा

छावणीच्या आठवडी बाजारात, गंजक्या कुलपांच्या आणि पितळी नळांच्या ढिगात, मला एक पदक सापडले. बोटभर लांबीची चपटी पट्टी, तिच्या मधोमध उठावाने काढलेली दोरी, दोरीच्या टोकाला थेंबासारखा गोळा आणि वर अडकवण्यासाठी कडी. विकणाऱ्याने ते लॉकेट म्हणून माझ्या हातावर ठेवले, आणि तसे पाहिले तर तो फारसा चुकला नव्हता.

तो होता ओळंब्याचा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते पाहण्याच्या गवंड्याच्या दोरीचा आकार. फ्रीमेसन ही पाथरवटांची हत्यारे प्रतीक म्हणून वापरणारी बंधुसंघटना; तिच्या लॉजमध्ये, म्हणजे शाखेत, हा ओळंबा कनिष्ठ वॉर्डन या पदाधिकाऱ्याच्या गळपट्टीला लटकत असतो. लॉजच्या प्रमुखाकडे गुण्या, ज्येष्ठ वॉर्डनकडे पाणसळ आणि कनिष्ठाकडे ओळंबा, अशी तिथे वाटणी आहे. गुण्याने वागणे काटकोनात ठेवायचे, पाणसळीने लहानमोठे सारे एका पातळीवर आणायचे आणि ओळंब्याने सरळपणाची आठवण द्यायची. परंपरेनुसार २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी मिळून पहिले ग्रँड लॉज, म्हणजे लॉजची मध्यवर्ती संस्था, स्थापन केले. पुढे या सभासदांत दगड घडवणारे हात फारसे उरले नाहीत, पण हत्यारे राहिली. पाथरवटाच्या जाड कातड्याच्या जागी कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा नाजूक एप्रन आला. आपल्याकडे बंद दाराआडच्या या विधींमुळे अनेक शहरांत लोक लॉजला ‘जादूघर’ म्हणू लागले, हे मला अगदी स्वाभाविक वाटते. दाराआड थापी आणि गुण्या असतील, असे कोणाच्या मनात येणार?

माझे मामा चाळीस वर्षे गवंडीकाम करीत आले आहेत. त्यांनी पदक चिमटीत धरले, दोनदा झुलवले आणि नखाने गोळा हलवून पाहिला. तो पट्टीला डाग देऊन पक्का केलेला होता.

“हालतच नाही. मग ह्यो ओळंबा कशाचा, भाच्या?”

मी त्यांना प्रतीकाचा अर्थ समजावून सांगू लागलो. त्यांनी तो शांतपणे ऐकला. पण भिंत वाकडी असली तरी ज्याची दोरी सरळच दिसणार, त्या हत्याराविषयीचे त्यांचे मत काही बदलले नाही.

तरीही खंडेनवमीला त्यांनी पाटावर थापी, गुण्या, रंधा आणि स्वतःचा ओळंबा मांडला, तेव्हा माझे पदकही मागून घेतले आणि सगळ्यांना सारखेच हळदकुंकू लावले. दसरा झाल्यावर त्यांचा ओळंबा पुन्हा सिमेंटने माखला. माझ्या पदकाच्या खाचेत मात्र ते कुंकू अजून तसेच आहे.