‘हिअर कम्स द सन’ किती दिवसांत येईल?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात गेली काही वर्षं मी ‘बीटल्स’ या इंग्लिश रॉक बँडच्या जॉर्ज हॅरिसनची दोन-तीन गाणी गिटारवर वाजवते; ‘हिअर कम्स द सन’ त्यातलंच. वाजवून खाली उतरले की कोणी ना कोणी येतंच. कधी अकरावीतली मुलगी असते, कधी नुकतेच निवृत्त झालेले शेजारचे काका. प्रश्न एकच असतो : "मला बाकी काही नको, फक्त ‘हिअर कम्स द सन’ शिकायचंय. किती दिवसांत येईल?"

बोटं तीन आठवड्यांत बसतात. गाणं यायला मला चौदा महिने लागले. या दोन्हींच्या मधे जे काही होतं, ते तुम्हाला आधीच सांगितलं तर तुमचे बरेच महिने वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गिटार मी एक्केचाळिसाव्या वर्षी घेतली. पहिले दोन महिने नुसत्या वेदना. बोटांच्या टोकांना चिरा पडायच्या, कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) धरली की निम्म्या तारा मुक्या राहायच्या. दुकानात विचारलं तर म्हणाले, वाजवून वाजवून सैल होईल. गिटार अशी सैल होत नसते! तारा पट्टीपासून फार उंच बसवलेल्या होत्या. शेवटी दुरुस्ती करणाऱ्या एका जाणकाराने तारा ज्यांवर टेकतात त्या दोन पट्ट्यांपैकी वरच्या टोकाची, म्हणजे नट, घासली, खालची, म्हणजे सॅडल, थोडी उतरवली, आणि त्याच संध्याकाळी ‘डी’ कॉर्ड स्वच्छ वाजली. तेव्हा पहिलं काम हे करा : गिटारच्या दांड्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या म्हणजे फ्रेट; बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटचा माथा यांच्यातलं अंतर बघा. अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर आधी ते कमी करून घ्या. नवशिके गिटार सोडतात त्यातले कितीतरी जण कंटाळून नव्हे, दुखून सोडतात.

आता गाणं. 1969च्या वसंतात हॅरिसनने ते आपला मित्र, गिटारवादक एरिक क्लॅप्टन याच्या इंग्लंडमधल्या घरी, बागेत फिरता फिरता रचलं. त्या दिवशी त्याला ऑफिसच्या बैठकीला जायचं होतं; तो गेलाच नाही. लांबलेला हिवाळा सरून ऊन पडलंय, एवढंच त्या गाण्यात आहे. मूळ पट्टी ‘ए’, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी सहा. पण तो वाजवतो ‘डी’च्या, म्हणजे पांढरी दोनच्या आकारांत, सातव्या फ्रेटवर कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून. ज्यांच्या घरी स्केलचेंजर पेटी आहे त्यांना हे समजावून सांगायला लागत नाही. बोटं त्याच पट्ट्यांवर, सूर मात्र वरचा. सातव्या फ्रेटवर तारा आखूड होतात आणि गिटारचा आवाज मेंडोलिनच्या जवळ जातो. ती लकाकी हवी असेल तर कापोला पर्याय नाही. फक्त तिथे फ्रेट अरुंद असतात, तीन बोटं एकमेकांवर चढतात. त्यांना दाटीवाटीने उभं राहायला शिकवावं लागतं. आणि कापो लावल्यावर ट्यूनिंग पुन्हा तपासा, कारण दाबाने तारा हमखास चढतात.

एवढं करूनही रेकॉर्डबरोबर वाजवताना माझी गिटार बेसूर वाटायची. किती दिवस मी कान आणि ट्यूनर दोघांनाही दोष देत होते. मग कळलं की रेकॉर्डच ‘ए’पेक्षा किंचित चढी आहे, मिक्सिंगच्या वेळी टेपचा वेग थोडा वाढवलेला होता. रेकॉर्डबरोबर बसायचं असेल तर तारा कानाने तेवढ्याच चढवून घ्या.

सुरुवातीची ओळ म्हणजे आपलं ‘ग सा रे ग’. खरंच, एवढंच. मी ती टॅबवरून शिकले होते. कुठली तार, कितवा फ्रेट, आकडे वाचत वाचत. तीन आठवड्यांत आकडे पाठ झाले आणि मला वाटलं, झालं. पण ऐकणाऱ्याला ते गाणं वाटत नव्हतं. आतल्या खोलीतून आई एकदा म्हणाली, "काय गं, टाइपरायटर आणलास का?" मला वाईट वाटलं, पण ती बरोबर होती. त्या रात्री मी पेटी काढली, सातव्या फ्रेटचा सूर पेटीवर धरला आणि ती ओळ नुसती गायले. ग सा रे ग. दुसऱ्या ‘ग’वर आवाज आपोआप थोडा विसावतो, तिथे श्वास आहे. सकाळी गिटार घेतली तर बोटही त्या ‘ग’वर विसावलं. टॅबमध्ये तो श्वास लिहिलेला नव्हता.

खरी अडचण पुढे होती. गाण्याच्या मधल्या भागात ‘सन’ हा शब्द लागोपाठ तीनदा येतो आणि ती ओळ पुन्हा पुन्हा फिरते. कॉर्ड सोप्या आहेत : त्याच कापोवर एफ, सी, जी, डी आणि मग ए सेव्हन. पण चारच्या मोजणीत ते बसत नाही. एक-दोन-तीन-चार म्हणत गेलं की दुसऱ्या फेरीत हात उलटा पडतो. मी चार महिने तिथेच अडकले. बाकीचं गाणं वाजवायचं, तो भाग आला की थांबायचं, असं चाललं होतं.

बाबा पन्नास वर्षं भजनी मंडळात तबला वाजवत. हात थरथरायला लागल्यावर वाजवणं सुटलं, पण कान शाबूत. एका रविवारी मी तोच भाग घोटत होते आणि ते जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होते. म्हणाले, "तू मोजतेस कशाला? म्हण ना." मग टेबलावर बोटांनी हलकेच : तकिट, तकिट, तकिट, तक. परत. तकिट, तकिट, तकिट, तक. तीन-तीन-तीन-दोन, अकरा. "आता पुढे तकधिमि तकधिमि. आठ. आणि मग एक मात्रा खातोय बघ तुझा साहेब. तकधिमि तकिट. सात. आली सम, पहिली मात्रा." मटाराचे दाणे टेबलावर नाचत होते. मी गिटार बाजूला ठेवली आणि आम्ही दोघं ते म्हणत बसलो, वीस वेळा, तीस वेळा, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. जेवण झाल्यावर गिटार घेतली आणि तो भाग सरळ वाजला. मी विचारलं, "ही तिहाई का? एकच बोल तीनदा घेऊन समेवर येतात ती?" तर म्हणाले, "तिहाई नव्हे. पण घरची आहे."

घरची आहेच ती. 1965 मध्ये हॅरिसनने बीटल्सच्या गाण्यात पहिल्यांदा सतार वाजवली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये तो पंडित रविशंकरांकडे शिकायला मुंबईत आला, ताजमध्ये उतरला. बातमी फुटून गर्दी झाली तेव्हा सगळे काश्मीरला गेले. जानेवारी 1968 मध्ये तो परत मुंबईत होता, एचएमव्हीच्या स्टुडिओत. शिवकुमार शर्मा, आशिष खाँ, हरिप्रसाद चौरसिया असे वादक त्या ध्वनिमुद्रणांत होते. सतारीत आपण कधीच मोठे वादक होणार नाही हे ओळखून तो गिटारकडे परतला, पण कानात गेलेलं जात नाही. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याने सांगितलंय की जॉर्जने हे गाणं आणलं तेव्हा ते साडेसातच्या हिशोबात आहे असं काहीसं म्हणाला, आणि रिंगोला त्यातलं काही उमगेना. शेवटी दर वेळी समेवर येता येईल अशी आपल्या हातांना जमणारी वाट रिंगोने शोधली. म्हणजे बाबांनी मला शिकवलं तेच. आकडा डोक्यात ठेवून भागत नाही, तो जिभेवर आणि हातात यावा लागतो.

म्हणून माझं ऐकाल तर हॅरिसनची गाणी आधी गा, मग वाजवा. रॉकमधल्या सगळ्यांच्या बाबतीत मी हे म्हणणार नाही. काहींचे सोलो, म्हणजे एकट्या गिटारचे तुकडे, इतके वेगवान असतात की ते गळ्यातून निघतच नाहीत, तिथे बोटांची कवायतच करावी लागते. हॅरिसन कमी सूर वाजवतो. ‘समथिंग’मधला सोलो घ्या, त्यातला प्रत्येक सूर गुणगुणता येतो. त्या गाण्यात कॉर्ड ‘सी’वरून एकेक पायरी उतरत ‘एफ’कडे जातात, आणि वरची गिटार तार ओढून ओढून बोलते. गिटारवाले त्याला बेंड म्हणतात. सतारीवर पडद्यावर तार खेचून मींड काढतात, त्याच कुळातलं काम. इथे एकच युक्ती : ओढून जिथे पोचायचंय तो सूर आधी साधा, न ओढता वाजवून ऐका, मग ओढून तिथे पोचा. नाहीतर बोटाला ठिकाण माहीत नसतं आणि ते अर्ध्या वाटेत थांबतं.

‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’बद्दलही पुष्कळ जण विचारतात. त्यातला गाजलेला सोलो हॅरिसनचा नाही, क्लॅप्टनचा आहे. सुरुवात करताना तुम्ही फक्त ‘ए मायनर’वरून खाली उतरणारा खर्जाचा सूर नीट ऐकू येईल असं वाजवा. तेवढ्यानेही गाणं उभं राहतं.

मला सगळ्यात जवळचं ‘माय स्वीट लॉर्ड’, 1970 मधलं. कॉर्ड अगदी सोप्या : दुसऱ्या फ्रेटवर कापो, ‘ई मायनर’ आणि ‘ए’ आलटून पालटून, मग ‘डी’ आणि ‘बी मायनर’. मध्यावर पट्टी एक पूर्ण सूर वर चढते. तिथे कापो हलवायला वेळ नसतो, म्हणून पुढचे आकार आधीच घोटून ठेवावे लागतात. मागचा कोरस आधी हालेलुया म्हणतो, मग हरे कृष्ण, आणि शेवटाकडे ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’. मी ते पहिल्यांदा स्पीकरवर लावलं तेव्हा आई देवघरात वाती वळत होती. गुरुमंत्र ऐकू आला तशी हातातला कापूस घेऊन बाहेर आली, गाणं संपेपर्यंत उभी राहिली, आणि म्हणाली, "परत लाव."

त्यातली स्लाइड गिटार मला अजून शिकायची होती, म्हणून मी काचेची नळी आणली. ती करंगळीत घालायची आणि तारेवर नुसती टेकवायची, दाबायची नाही. फ्रेटच्या मधे नव्हे, धातूच्या पट्टीच्या बरोबर वर. रेघभर मागे राहिली की सूर उतरतो, रेघभर पुढे गेली की चढतो. गिटारवर एरवी फ्रेट तुम्हाला सांभाळून घेतो, इथे कोणी नाही. मागची बोटं तारेवर हलकेच ठेवावी लागतात, नाहीतर नळीच्या मागचा तुकडाही कण्हतो. रेकॉर्डमध्ये हॅरिसनने दोन स्लाइड स्वतःच एकावर एक वाजवल्या आहेत, आणि दोन्ही एकमेकींना धरून सरकतात. मी एकच वाजवते, दुसरी बाबा गुणगुणतात.

सध्या ‘मारवा ब्लूज’वर बसले आहे. हॅरिसन नोव्हेंबर 2001 मध्ये गेला; पुढच्या वर्षी त्याच्या मुलाने संगीतकार-निर्माता जेफ लिनच्या सोबतीने त्याचा अपुरा राहिलेला अल्बम पुरा केला, त्यातली ही स्लाइडवरची धून. मुलाचं नाव धनी. आपल्या ‘ध’ आणि ‘नी’वरून ठेवलेलं. रागाच्या नियमांनी बघितलं तर धूनेत मारवा सापडत नाही. बाबांनी पहिल्याच मिनिटाला ते सांगितलं, आणि तरी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. पहिली ओळ मला गाता येते. नळीवर अजून तिसऱ्या सुरापाशी हात कापतो. अकरावीतली ती मुलगी शनिवारी संध्याकाळी येणार आहे, तिची गिटार घेऊन. आधी तारांची उंची बघू म्हटलंय, आणि बाबांना मटार आणून ठेवायला सांगितलेत.