धूर कधी येतो ते आधी पाहा, इंजिन नंतर खोला

जुन्या फोर-स्ट्रोक मोटरसायकलच्या सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला की निदान ठरलेलंच असतं: "रिंगा गेल्या, इंजिनकाम करावं लागेल." कधी ते खरंही असतं. पण तसाच धूर व्हॉल्व्ह सील कडक झाल्याने येतो, ऑइल जास्त भरल्याने येतो, ब्रीदर पाइप तुंबल्यानेही येतो. या तिन्हींसाठी ब्लॉक (पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडरचा भाग) उतरवायची गरज नसते. धुराच्या रंगावरून ऑइल जळतंय की पेट्रोल जास्त जातंय, एवढंच कळतं. ऑइल कुठल्या वाटेने आत शिरतंय हे समजायला धूर नेमका केव्हा येतो ते पाहावं लागतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी दोन-तीन दिवस गाडी नुसती निरखा, आणि शक्य असेल तर मागून दुसऱ्या कोणाला तरी यायला सांगा. चालवणाऱ्याला स्वतःचा धूर क्वचितच नीट दिसतो.

गाडी रात्रभर उभी होती, सकाळी सुरू करताच निळा लोट आला आणि मिनिटभरात सगळं स्वच्छ झालं, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. हेडमध्ये (ब्लॉकवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) साचलेलं ऑइल कडक झालेल्या सीलमधून व्हॉल्व्हच्या दांड्यावरून रात्रभर थेंब थेंब उतरतं आणि सकाळी एकदम जळतं. दुसरी वेळ उताराची. रेस पूर्ण सोडून गाडी गिअरमध्येच उतरवली आणि खाली आल्यावर पुन्हा रेस दिली, की त्या क्षणी धुराचा गोळा बाहेर पडतो. रेस बंद असताना पिस्टन हवा ओढू पाहतो, पण कार्ब्युरेटरची वाट बंद असते. मग ती ओढ इनटेक व्हॉल्व्हच्या झिजलेल्या गाईडमधून (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) ऑइल खेचते. याउलट चढावर, दोन माणसं बसलेली असताना, रेस वाढवली की धूर वाढतो आणि इंजिन गरम झालं तरी थांबत नाही, तर रिंगा किंवा बोरकडे (सिलिंडरच्या आतल्या भिंतीकडे) पाहायचं. ही लक्षणं एकमेकांत थोडी मिसळतात. रेस सोडल्यावरची ओढ झिजलेल्या रिंगांमधूनही थोडं ऑइल वर घेते, त्यामुळे उताराच्या एकट्या खुणेवर हेड खोलू नका.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं गाईड वेगळं वागतं. तिथे ओढ नसते. ऑइल फक्त झिरपतं आणि तापलेल्या नळीत जळतं, सिलिंडरमध्ये जातच नाही. म्हणून सायलेन्सरचे दोन नट काढून हेडच्या पोर्टमध्ये बॅटरी मारून पाहा. पोर्ट ओला, तेलकट आणि प्लग मात्र कोरडा, तपकिरी असेल तर दोष एक्झॉस्ट गाईडचा किंवा त्याच्या सीलचा. या दहा मिनिटांच्या तपासणीने कितीतरी पिस्टन-रिंगांचे सेट वाचतात, आणि तरी ती फार थोडे जण करतात याचं मला खरंच वाईट वाटतं. पोर्टाबरोबर प्लग ओला, काळा, तेलकट असेल तर ऑइल सिलिंडरमध्येच येतंय.

यापुढे जाण्याआधी ऑइलची पातळी. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर सरळ उभी, इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद, मग दोन-तीन मिनिटं थांबून डिपस्टिक. ती आटे फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत नुसती टेकवायची असते, आणि आटे फिरवून मोजलं की पातळी खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. साइड स्टँडवर मोजलेला आकडा कामाचा नाही. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर फिरत्या क्रँकने ऑइल घुसळलं जातं, ब्रीदरमधून एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि तिथून थेट कार्ब्युरेटरमध्ये. डब्याचा खालचा ड्रेन पाइप तेलाने भरलेला दिसला तर हेच झालंय.

पातळी न भरताच वाढलेली असेल तर डिपस्टिक नाकाशी धरा. पेट्रोलचा वास येत असेल तर फ्लोटची निडल (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाही आणि उभ्या गाडीत, कॉक चालू राहिल्याने, पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरलंय. अशा पातळ ऑइलवर गाडी एक किलोमीटरही चालवू नका, बेअरिंग आणि कॅम त्यावर लवकर खराब होतात. निडल आणि तिची सीट बदला, ऑइल बदला, मग धूर पाहा.

ब्रीदर पाइप काढून फुंकून पाहायला विसरू नका. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली जाणं नव्या इंजिनातही चालतं, त्याला बाहेर पडायची वाट म्हणजे हा पाइप. तो पिचला, दुमडला किंवा घट्ट काळ्या साय-मातीने तुंबला की केसमध्ये दाब वाढतो आणि तो दाब ऑइलला मिळेल त्या सीलमधून आणि पॅकिंगमधून बाहेर ढकलतो. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी गळती सुरू झाली असेल तर पॅकिंगचा सेट आणण्याआधी हा पाइप साफ करा.

आता कॉम्प्रेशन. इंजिन गरम करा, प्लग काढून कॅपमध्येच ठेवा आणि प्लगचं धातूचं अंग प्लगच्या भोकापासून दूर इंजिनला टेकवा. गेज बसवून रेस पूर्ण उघडी ठेवा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत पाच-सहा जोरदार किक मारा. १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच सिंगल सिलिंडर इंजिनांत निरोगी आकडा १० ते १३ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा मॅन्युअलचा धरा. कॅमवर डीकॉम्प्रेसर (किक हलकी करायला दाब थोडा सोडणारी सोय) असेल तर काटा मुळातच कमी दाखवतो. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून ५ मि.लि., म्हणजे चमचाभर, इंजिन ऑइल टाका, दोन किक मारून ते पसरू द्या आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर गळती रिंगांमधून होती. जवळपास तोच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. सिलिंडर आडवा असलेल्या इंजिनात टाकलेलं ऑइल खालच्या बाजूलाच साचतं, तिथे या दुसऱ्या मोजणीवर फार विसंबू नये.

कॉम्प्रेशन उत्तम आणि तरी चढावर धूर, अशी गाडी पाहून अनुभवी माणूसही गोंधळतो. दाब धरतात त्या वरच्या दोन रिंगा. ऑइल खरवडून खाली पाठवते ती तिसरी, ऑइल रिंग. तिच्या खाचेतली छिद्रं काजळीने बुजली किंवा रिंग खाचेत चिकटून बसली, की गेज चांगला आकडा दाखवतं आणि सायलेन्सर निळा धूर सोडत राहतो. वेळेवर ऑइल न बदललेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. त्यामुळे कॉम्प्रेशन चांगलं म्हणून रिंगांना निर्दोष ठरवू नका.

ब्लॉक उतरवलाच तर नुसत्या नजरेने निकाल देऊ नका. वरची रिंग बोरमध्ये टाकून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकला आणि दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. छोट्या इंजिनांत नवी असताना ती साधारण ०.१५ ते ०.३५ मि.मी. असते, ०.५ च्या पुढे गेली की बदलायची वेळ. हीच फट बोरच्या वरच्या भागात आणि तळाशी मोजा. दोन्हींत बराच फरक आला तर बोर वर जास्त झिजलाय, आणि त्यात नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे आणि मेहनत दोन्ही वाया. नखाला लागणारे उभे ओरखडे असतील तरी रिबोअरच, म्हणजे बोर कापून मोठा करणं. पिस्टनचे ओव्हरसाइज सहसा ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मि.मी. असे मिळतात. आधी पिस्टन हातात घ्या, मग त्याच्या मापाने बोर करून घ्या. बोरला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असेल तर त्याचं साधं रिबोअर होत नाही. रिंगांवरची अक्षरं वरच्या बाजूला आणि टोकं एकमेकींपासून १२० अंशांवर.

व्हॉल्व्ह सीलच बदलायचे असतील आणि तुमच्या इंजिनात कॅम व रॉकर हेड न उतरवता निघत असतील, तर प्लगच्या भोकातून मऊ सुती दोरी आत सोडा, एक टोक बाहेर ठेवा आणि पिस्टन हळूच वर आणा. दोरी व्हॉल्व्हना खालून आधार देते, मग स्प्रिंग दाबून सील काढता येतं. टायमिंग चेन तारेने वर बांधून ठेवा आणि बांधताना खुणा पुन्हा जुळवा. स्प्रिंग निघाली की व्हॉल्व्हचा दांडा बाजूला हलवून पाहा. जाणवण्याइतका खेळ असेल तर गाईडही बदलावं लागेल, नाहीतर नवं सील थोड्याच दिवसांत घासून जाईल.

काळ्या धुराचा ऑइलशी संबंध नाही. प्लग कोरड्या काजळीने माखलेला असतो आणि ॲव्हरेज घसरलेलं असतं. आधी एअर फिल्टर, मग चोक खरंच पूर्ण बंद होतोय का, मग फ्लोटची पातळी, आणि शेवटी झिजलेली जेट निडल व तिची नळी. पांढरा धूर थंड सकाळी आला आणि इंजिन तापल्यावर गेला तर ती वाफ आहे, सोडून द्या. एअर-कूल्ड इंजिनात कूलंटच नसतं, तेव्हा तिथे हेड पॅकिंग फुटून पाणी आत आलं हे निदान होऊच शकत नाही. लिक्विड-कूल्ड गाडीत मात्र न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर आणि घटणारं कूलंट एकत्र दिसलं तर गाडी चालवणं थांबवा.

टू-स्ट्रोकमध्ये थोडा धूर असायचाच. धूर अचानक वाढला आणि गिअर ऑइल गळती न दिसता कमी होत असेल तर क्लचकडचं क्रँक सील फाटलंय आणि इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल पितंय. मॅग्नेटकडचं सील गेलं तर धूर वाढत नाही, उलट बाहेरची हवा आत येते, आयडलिंग वर-खाली होतं आणि इंजिन जास्त तापतं. हे दुसरं जास्त धोक्याचं, कारण पिस्टन जाम होऊ शकतो.

गळतीच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे मळलेल्या इंजिनावर उगम शोधणं. थंड इंजिन रॉकेल किंवा डिग्रीजर आणि ब्रशने धुवा, पूर्ण वाळवा, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, एअर फिल्टरचं तोंड तेवढं फडक्याने झाकून. मग ते फडकं काढून १० ते १५ मिनिटं गाडी फिरवा. ऑइल खाली वाहतं आणि वाऱ्याने मागे सरकतं, म्हणून पावडर भिजलेली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा हाच उगम. ब्लॉकच्या बुडाशी ओल दिसली म्हणून बेस पॅकिंगला दोष दिला जातो, आणि प्रत्यक्षात ऑइल टॅपेट कव्हरच्या ओ-रिंगमधून किंवा टायमिंग चेनच्या टेन्शनरच्या बोल्टमधून निघून फिन्सवरून उतरलेलं असतं. आरपीएम मीटरच्या केबलची ओ-रिंग आणि न्यूट्रल स्विचची ओ-रिंग या दोन जागाही सहज सुटतात.

पुढच्या स्प्रॉकेटजवळचा काळा चिकट लगदा बहुतेक वेळा चेनवरून उडालेलं तेलच असतं. तो पूर्ण खरवडून काढल्यावर पातळ, स्वच्छ ऑइल पुन्हा आलं तरच शाफ्टचं सील गेलं म्हणा. तिथे स्प्रॉकेट धरून वर-खाली हलवा. शाफ्ट हलत असेल तर बेअरिंग गेलंय, आणि त्यामागे बऱ्याचदा फार ताणलेली चेन असते. नुसतं सील बदललं तर ते पुन्हा गळणार. शाफ्ट घट्ट असेल तर सीलवर छापलेलं माप वाचा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. शाफ्टच्या दात्यांवर प्लास्टिकची टेप गुंडाळा, सीलच्या ओठाला ग्रीस लावा, स्प्रिंगची बाजू ऑइलकडे ठेवा आणि बाहेरच्या व्यासाच्या पाइपने सरळ ठोका. शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली खाच नखाला लागत असेल तर जागा आहे तेवढी पाहून नवं सील १ मि.मी. पुढे-मागे बसवा, म्हणजे ओठ गुळगुळीत जागेवर येतो.

कव्हर काढताना फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. ॲल्युमिनियमवर पडलेला तो एक चरा पुढे कोणतंही पॅकिंग बंद करत नाही. प्लास्टिकच्या हातोड्याने कडेने ठोका. ६ मि.मी.च्या कव्हर बोल्टला १० न्यूटन-मीटर पुरे, आणि ते समोरासमोरचे घेत दोन-तीन फेऱ्यांत आवळा. गळती थांबत नाही म्हणून जास्त आवळलं की आटे जातात आणि कव्हर बोल्टांमध्ये वाकतं. सिलिकॉन लावायचंच तर अगदी पातळ. आत पिळून आलेला त्याचा तुकडा सुटला की ऑइलच्या जाळीवर बसतो आणि हेडपर्यंत ऑइल पोहोचत नाही. हेड पॅकिंगला सिलिकॉन कधीच लावू नये. ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा टाका.

जाड ऑइल टाकून धूर किंवा गळती लपवायचा सल्ला मानू नका. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० लिहिलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० टाकलं तर थंड असताना ते वर कॅमपर्यंत उशिरा पोहोचतं, आणि झिजलेलं सील झिजलेलंच राहतं. ओला क्लच (इंजिन ऑइलमध्येच फिरणारा) असेल तर डब्यावर जासो एमए ही जपानी मानकाची खूण हवीच.

दुरुस्तीनंतर लगेच धूर दिसला तर घाबरून इंजिन पुन्हा उतरवू नका. सायलेन्सरमध्ये मागचं ऑइल साचलेलं असतं, ते जळायला ५० ते १०० किलोमीटर लागू शकतात. बंद खोलीत इंजिन चालवून ते जाळायचा प्रयत्न मात्र करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पातळी वरच्या खुणेवर आणून ५०० किलोमीटर चालवा, मग सुईविना सिरिंजने मोजत पुन्हा त्याच खुणेपर्यंत ऑइल भरा. ५० मि.लि.पर्यंत गेलं असेल तर मी ते इंजिन खोलत नाही. दीडशेच्या वर गेलं असेल तर प्लग आणि पोर्ट पुन्हा पाहायला घ्या.