शेवाळातल्या अँटिऑक्सिडंटचा एकच आकडा सांगा ना!

“कोकणातून आणलेल्या समुद्री शेवाळात अँटिऑक्सिडंट किती असतात?” पुण्यात हे प्रकल्पवाले विद्यार्थीही विचारतात आणि भुकटी विकायला निघालेलेही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण आकडा नाही. तो कुठे बिघडतो ते.

बहुतेकदा बस स्वारगेटला लागण्याआधीच बिघडलेला असतो. ओलं सरगॅसम (एक तपकिरी शेवाळ) प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून रात्रभर आणलं की ते उबतं, बुळबुळीत होतं आणि त्यातली फिनॉलं, म्हणजे अँटिऑक्सिडंटचं काम करणारी संयुगं, नासतात. वाळू-शिंपले किनाऱ्यावर समुद्राच्याच पाण्यात काढा आणि माल बर्फाच्या पेटीत आणा. इथे नळाखाली दोन-तीनदा झटपट खळबळून सावलीत पसरा. मीठ राहिलं तर अर्काच्या वजनात तेही मोजलं जातं. भिजत ठेवलंत तर पाण्यात विरघळणारी फिनॉलं मोरीत जातात. (मालवणच्या सागरी अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलू नका.)

वाळल्यावर दळा. अर्कासाठी 10 ग्रॅम भुकटीला 70 टक्के मेथनॉल 100 मिली, अंधारात 24 तास शेकरवर (हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर). तपकिरी शेवाळातली फ्लोरोटॅनिनं (त्यांची खास फिनॉलं) यात उतरतात. फ्युकॉइडन (लांब साखळीची शर्करा) मात्र चोथ्यातच राहतं, त्याला पाणी लागतं. म्हणून द्रावक न सांगता दिलेल्या आकड्याला अर्थ नाही.

आता डीपीपीएच चाचणी. डीपीपीएच हे जांभळं रसायन; अँटिऑक्सिडंट भेटलं की त्याचा रंग फिका होतो. 3.9 मिग्रॅ 100 मिली मेथनॉलमध्ये, म्हणजे साधारण 0.1 मिलिमोलर; रोज ताजं करा. अर्क मिसळून 30 मिनिटं अंधारात ठेवा, 517 नॅनोमीटरला उरलेला रंग वाचा. खरी गफलत इथे होते. अर्काला स्वतःचाच रंग असतो. नुसत्या मेथनॉलमधल्या अर्काचं वाचन वजा केलं नाही, तर तो रंग उरलेल्या जांभळ्यात जमा होतो आणि चांगला नमुना नापास ठरतो. पाण्याच्या अर्कातल्या लांब साखळीच्या शर्करा तर मेथनॉल लागताच साक्यासारख्या खाली बसतात. गढूळपणानं वाचन वर चढतं. अशा वेळी एबीटीएस हे याच धर्तीचं दुसरं रंगीत रसायन बरं, ते पाण्यात चालतं.

“80 टक्के क्रियाशीलता” असं लिहू नका. अर्क पुरेसा ओतला की कशाचेही 80 टक्के येतात. पाच-सहा मात्रा घेऊन आयसी-50 (निम्मं डीपीपीएच निष्प्रभ करणारी मात्रा) काढा, शेजारी तुलनेला ॲस्कॉर्बिक आम्लाचं (क जीवनसत्त्वाचं) द्या.

भुकटीवाल्यांसाठी: डीपीपीएच शरीरात नसतं, त्यामुळे परीक्षानळीतला आयसी-50 म्हणजे औषधी गुण नव्हे. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. काही तपकिरी शेवाळांच्या एका ग्रॅममध्येच त्याहून जास्त असतं. सरगॅसमच्या काही जातींत असेंद्रिय, म्हणजे विषारी रूपातलं, आर्सेनिकही सापडतं. लेबलवर ‘अँटिऑक्सिडंट’ छापण्याआधी या दोन तपासण्या करून घ्या.