हेमिंग्ज घराण्याचा वंशशोध
अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांना पूर्वजांची नावे १८७० पूर्वीच्या जनगणनेत बहुधा सापडतच नाहीत. म्हणूनच अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले थॉमस जेफरसन हेच त्यांच्या गुलाम सॅली हेमिंग्ज यांच्या मुलांचे वडील होते का, हे प्रकरण मला फार मोलाचे वाटते. जेफरसन यांचा पुरुषवंश पुढे न चालल्याने १९९८ मध्ये त्यांचे काका फील्ड यांच्या पुरुषवंशजांचे वाय गुणसूत्र (जे बापाकडून मुलाकडे जाते) तपासले गेले आणि ते सॅली यांचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळले. मात्र हे गुणसूत्र घराणे सांगते, बाप नव्हे. तो दुवा कागदांतून मिळाला: जेफरसन यांच्या हस्ताक्षरातील शेतवहीतल्या जन्मनोंदी त्यांच्या मुक्कामाच्या तारखांशी ताडून पाहता, सॅली यांच्या गर्भधारणांच्या काळात ते आपल्या मॉन्टिसेलो या मळ्यावरच होते. एस्टनचा भाऊ मॅडिसन याने १८७३ मध्ये वृत्तपत्रात जेफरसन हेच आपले वडील असल्याचे सांगितले होते. त्याच्या शब्दावर इतकी वर्षे बहुतेक इतिहासकारांनी विश्वास ठेवला नाही, हे मला अन्यायाचे वाटते.